काखेची कहाणी

शस्त्रक्रियेच्या दहा दिवस आधी सर्जनबाईंनी मला समोर बसवून एका कोऱ्या कागदावर आकृती काढून दाखवली. आधी एक मोठे वर्तुळ, त्याच्या वरच्या बाहेरच्या भागात पेनाने गडद केलेला एक ठिपका, आणि मग त्या वर्तुळापासून थोडे दूर, खांद्याच्या दिशेने, तुटक रेषांनी आखलेला एक लहानसा त्रिकोण. वर्तुळ म्हणजे माझा उजवा स्तन आणि ठिपका म्हणजे त्यातली गाठ, हे मला लगेच कळले. त्रिकोण कशाचा, हे त्यांनी सांगितले होते; मी मानही डोलावली होती, पण ऐकले नव्हते. त्या दिवशी मी, माझा नवरा आणि माझी धाकटी बहीण, आम्ही तिघेही त्या वर्तुळाकडेच पाहत बसलो होतो. पुढच्या दोन महिन्यांत मला ज्याने जागे ठेवले, रडवले आणि कामाला लावले, तो मात्र तो त्रिकोण होता. तो त्रिकोण म्हणजे काख.

आजाराचे निदान कसे झाले, हे थोडक्यात सांगते, कारण तो भाग बहुतेक जणींचा सारखाच असतो. अंघोळीच्या वेळी गाठ हाताला लागली, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली, जाड सुईने बायॉप्सी झाली आणि रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला. गाठ सुमारे अडीच सेंटिमीटरची होती. तिच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन्ही संप्रेरकांचे ग्राहक (रिसेप्टर) सापडले आणि हर-टू या प्रथिनाची तपासणी निगेटिव्ह आली. सोनोग्राफीत काखेतली एक लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) संशयास्पद दिसली म्हणून तिच्यातही सुई घालून नमुना घेतला गेला आणि तिथेही कर्करोगाच्या पेशी मिळाल्या. या शेवटच्या वाक्याने माझ्या शस्त्रक्रियेचे स्वरूप ठरले, पण तेव्हा मला ते एक जास्तीचे वाईट वाक्य एवढेच वाटले.

घरात चर्चा झाली ती स्तन राखायचा की पूर्ण काढायचा, या एकाच प्रश्नावर. बहिणीचे म्हणणे सरळ होते: "ताई, सगळेच काढून टाक, म्हणजे पुन्हा कटकट नको." भीती वाटू लागली की जे जास्त कापले जाते तेच जास्त सुरक्षित वाटते, आणि ही समजूत केवळ आमच्या घरातली नव्हती, वैद्यकशास्त्रही तीच धरून जवळजवळ शंभर वर्षे चालले होते. अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी १८८२ च्या सुमारास जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सगळेच काढले जाई. रोग बरा झाला तरी अनेकींचा हात जन्मभर सुजलेला आणि खांदा आखडलेला राही. या पद्धतीला आकड्यांनी आव्हान दिले ते इटलीतील उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांनी. वेरोनेसींची चाचणी १९७३ साली आणि फिशर यांची १९७६ साली सुरू झाली, आणि दोघांचेही वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. योग्य निवडलेल्या रुग्णांमध्ये गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन दिले, तर पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतकेच आयुष्य मिळते, असे त्या दोन्ही चाचण्यांनी दाखवून दिले. त्यातली रेडिएशनची अट मात्र खरी अट आहे. फिशर यांच्या चाचणीत स्तन राखून रेडिएशन न घेतलेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे ३९ जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरात सुमारे १४ होते.

मी हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलेली बाई असल्यामुळे मला आकडे पटतात. मी स्तन राखण्याचा निर्णय घेतला. गाठी अनेक ठिकाणी पसरलेल्या असत्या, रेडिएशन घेणे शक्य नसते किंवा आनुवंशिक दोष निघाला असता, तर कदाचित निर्णय वेगळा झाला असता आणि तोही योग्यच ठरला असता. निर्णयाला मी आठ दिवस घेतले. सर्जनबाईंनी आपण होऊन सांगितले होते की इतक्या दिवसांनी काही बिघडत नाही, आणि त्यांचे ते वाक्य मला कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा उपयोगी पडले.

तयारीविषयी लिहायचे तर आधी एक तक्रार नोंदवते. त्या दहा दिवसांत मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मन खंबीर ठेवायला सांगितले, आणि ते नेमके कसे ठेवायचे हे एकानेही सांगितले नाही. अपवाद होता तो ऑफिसमधल्या एका निवृत्त सहकारी बाईंचा, ज्यांची हीच शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली होती. त्यांनी फोनवर मनाचा विषयच काढला नाही. त्या म्हणाल्या, "तुझे रोजचे डबे वरच्या फळीवर आहेत का? असतील तर आजच खाली काढून कमरेच्या उंचीवर ठेव. डोक्यावरून घालायचे कपडे बाजूला ठेव, समोरून बटणे असलेले सैल सदरे जवळ ठेव. उजव्या हातातली अंगठी आत्ताच काढ. आणि एक छोटी, मऊ उशी शिवून घे. झोपताना काखेखाली आणि गाडीत पट्ट्याखाली लागेल." बाईंनी सांगितलेल्या चारही गोष्टी मी केल्या आणि चारही कामाला आल्या. उशी तर अजूनही माझ्या पलंगावर आहे.

त्यांनी सांगितलेली पाचवी गोष्ट मी जवळजवळ विसरले होते, आणि आता मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रियेच्या आधी, हात धडधाकट असतानाच, दोन्ही हातांचे माप टेपने घेऊन ठेवायचे. मनगटावर एक माप, तिथून वर दर दहा सेंटिमीटरवर एकेक, अगदी दंडापर्यंत, आणि सगळे तारीख घालून वहीत. उजवा हात ज्यांचा कामाचा असतो त्यांचा तो मुळातच थोडा जाड असू शकतो. पुढे कधी हात सुजल्यासारखा वाटला, तर मुळात तो किती होता हेच माहीत नसेल तर तुलना कशाशी करणार? फिजिओथेरपिस्टनेही नंतर हीच मापे मागितली. खांदा किती वर जातो हेही आधी पाहून ठेवावे, आणि शस्त्रक्रियेनंतर करायचे व्यायाम आधीच शिकून घ्यावेत, कारण वेदनाशामक गोळीच्या गुंगीत शिकलेले काही लक्षात राहत नाही.

वैद्यकीय तयारीत विशेष काही सांगण्यासारखे नाही. रक्ताच्या तपासण्या, हृदयाचा आलेख आणि छातीचा एक्स-रे झाले. आपण घेत असलेली प्रत्येक गोळी, वनौषधीसुद्धा, भूलतज्ज्ञांना सांगावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे त्यांनीच ठरवायचे असते, आपण परस्पर नाही. तंबाखूचे व्यसन असेल तर ते सोडायला याहून चांगले निमित्त नाही, कारण त्याने जखम भरायला उशीर लागतो. उपाशी राहण्याबाबत मला सांगितलेला नियम असा होता की घन पदार्थ सहा तास आधी बंद आणि नुसते पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. पूर्वी सगळ्यांना मध्यरात्रीपासून कोरडे ठेवत, त्या मानाने हे बरेच सुसह्य आहे.

प्रश्नांची वही मात्र मनापासून करावी. माझ्या वहीत एकवीस प्रश्न होते आणि त्यांतले सोळा स्तनाविषयी होते. आज लिहायची वेळ आली तर मी प्रमाण उलटे ठेवीन. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढणार की थोड्या? दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना राहील की जाईल? काखेतला द्रव बाहेर काढणारी नळी किती दिवस असेल, ती घरी कोणी हाताळायची, आणि किती द्रव आल्यावर काळजी करायची? काढलेल्या भागाच्या कडेला रोग आढळला तर पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का? हात खांद्याच्या वर कधीपासून न्यायचा? यांतला शेवटचा प्रश्न मी विचारलाच नव्हता, आणि त्याचे उत्तर मला पुढे भिंतीसमोर उभे राहून मिळवावे लागले.

आदल्या रात्री मला शस्त्रक्रियेपेक्षा भुलेची भीती जास्त वाटत होती. झोप येईना म्हणून मी भुलेचा इतिहास वाचत बसले आणि त्यात एक गोष्ट सापडली, जी सांगण्याचा मोह आवरत नाही. पूर्ण भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियांपैकी ज्यांची विश्वसनीय लेखी नोंद आहे, त्यांतली सर्वांत जुनी म्हणून जी ओळखली जाते ती १८०४ साली जपानमध्ये झाली, आणि ती स्तनाच्या कर्करोगाचीच होती. हानाओका सेइशू नावाच्या वैद्याने साठ वर्षांच्या एका स्त्रीला वनस्पतींचा काढा पाजून झोपवले आणि तिची गाठ काढली. त्या काढ्यात धोतरा आणि बचनागाच्या जातीची वनस्पती होती, म्हणजे दोन्ही विषेच. युरोप-अमेरिकेत ईथरची भूल वापरात आली ती त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १८४६ साली. धोतऱ्याच्या काढ्यावर विसंबून पहिली झोपलेली ती साठीतली बाई डोळ्यांसमोर आली आणि मला माझ्या भीतीची थोडी लाज वाटली. मग झोप लागली.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल सांगण्यासारखे माझ्याकडे फार कमी आहे, कारण त्या दिवसाचा मोठा भाग मी झोपेत काढला. सकाळी सर्जनबाईंनी येऊन शाईच्या पेनाने माझ्या उजव्या बाजूवर खूण केली. त्याआधी आणि त्यानंतर मिळून पाच वेगवेगळ्या माणसांनी मला माझे नाव आणि कोणती बाजू, हे विचारले. सुरुवातीला मला हे गबाळेपणाचे वाटले, नंतर कळले की तो मुद्दाम पाळलेला नियम आहे. संमतीपत्र मी वाचून सही केली, आणि 'उजवी' हा शब्द त्यात पूर्ण लिहिलेला आहे ना, हे पाहिले. मग गार खोली, पाठीखाली अरुंद टेबल, हाताच्या शिरेत थंड धार, आणि त्यानंतर एकदम कोणीतरी माझे नाव घेऊन हाका मारत होते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे घसा खरवडल्यासारखा झाला होता. मी पहिला प्रश्न विचारला तो किती वाजले हा.

शेजारच्या खाटेवर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या एक बाई होत्या. त्यांचा स्तन पूर्ण काढला होता, पण काखेतल्या फक्त दोन ग्रंथी काढल्या होत्या. पहाटे त्या बाथरूममधून घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या आणि परिचारिकेला हळूच म्हणाल्या, "अहो सिस्टर, लघवी हिरवीनिळी झाली आहे, काही बिघडले का?" बिघडले काहीच नव्हते. स्तनात निळा रंग टोचला की तो लसिकावाहिन्यांतून काखेकडे जातो आणि ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोचतो, ती रंगलेली ग्रंथी सर्जन शोधून काढतात. तिला सेंटिनल म्हणजे पहारेकरी ग्रंथी म्हणतात. कधी रंगाऐवजी किंवा रंगाबरोबर अल्प किरणोत्सारी द्रव्यही वापरतात. पहारेकरी स्वच्छ निघाला तर मागच्या ग्रंथींना हात लावायचे कारण उरत नाही. रंग मग लघवीवाटे दोन-एक दिवसांत निघून जातो. ही पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली आणि तिने असंख्य स्त्रियांची काख वाचवली. माझ्या बाबतीत रोग काखेत पोचल्याचे आधीच ठाऊक होते, त्यामुळे काखेतल्या ग्रंथींचा पुंजकाच काढावा लागला. म्हणजे गंमत अशी की, त्यांचा स्तन गेला आणि हात दुसऱ्या दिवशी केसांपर्यंत पोचला. माझा स्तन राहिला आणि हात छातीला चिकटून बसला.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले ती काखेखालून निघालेली नळी आणि तिच्या टोकाचा दाबलेला प्लॅस्टिकचा डबा घेऊन. ग्रंथी काढल्यावर तिथल्या पोकळीत लसीका आणि रक्तमिश्रित द्रव साठतो, तो बाहेर ओढून घेण्यासाठी हा ड्रेन असतो. डबा दाबून बंद केला की आत निर्वात तयार होतो आणि तो द्रव शोषून घेतो. म्हणून डबा फुगलेला दिसला तर कुठून तरी हवा शिरली आहे असे समजावे. बहिणीने डब्यासाठी गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिवून दिली, त्यामुळे तो लोंबकळून ओढ बसायची बंद झाली. रोज ठरलेल्या वेळी हात धुऊन, डबा रिकामा करून, मापाच्या पेल्यात मोजून मी आकडा लिहीत असे. पहिल्या दिवशी १४०, मग ११०, ९५, ७०, ७०, ५५, पुन्हा ६५, ४५, ४०, ३०, २८, २५ मिलिलिटर. सातव्या दिवशी आकडा वाढला तेव्हा माझा धीर सुटला होता. नंतर लक्षात आले की त्या दिवशी मी जास्त हालचाल केली होती. रंगही लालवरून गुलाबी आणि गुलाबीवरून गवती पिवळा होत गेला. लागोपाठ दोन दिवस चोवीस तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी आले, तेव्हा बाराव्या दिवशी नळी काढली. काढताना एक क्षणभर आत काहीतरी सरपटल्यासारखे वाटते, बस तेवढेच.

नळी गेल्यावर चारच दिवसांत काखेखाली पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा उंचवटा आला. मी वळले की तो हलायचा. याला सेरोमा म्हणतात आणि तो अनेकींना होतो. सुईने सुमारे ६० मिलिलिटर पाणी काढले, आठवड्याने पुन्हा थोडे काढावे लागले आणि मग तो आपोआप जिरला. सुई टोचल्याचे मला कळलेही नाही, कारण ती सगळी जागा बधिर होती. लाली, गरमपणा, पू किंवा ताप असता तर मात्र गोष्ट वेगळी असती आणि मला त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागला असता.

या बधिरपणाबद्दल मला कोणीतरी आधी नीट बसवून सांगायला हवे होते. बरगड्यांमधून निघून काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक मज्जातंतूची शाखा असते, इंटरकॉस्टोब्रेकियल नावाची. ग्रंथी काढताना ती कधी ताणली जाते, कधी कापावी लागते. ती गेल्याने हाताची ताकद कमी होत नाही, पण दंडाच्या आतला आणि काखेतला पट्टा परक्याचा वाटू लागतो. स्पर्श कळत नाही, आणि तरीही सदऱ्याची बाही घासली की चरचरते. न कळणाऱ्या जागेला दुखते कसे, हे मी नवऱ्याला समजावून सांगू शकले नाही. काही जणींची संवेदना महिन्यांनी थोडीफार परत येते, काहींची येत नाही.

हाताच्या व्यायामाकडे मी आधी दुर्लक्ष केले आणि मग अति केले, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. पहिल्याच दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरवणे आणि कोपर दुमडणे हे करायचे होते. केस विंचरणे हासुद्धा व्यायामच होता. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीच्या वर न्यायचा नव्हता. नळी गेल्यावर भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीच्या चालीने भिंत चढायची, जिथे ओढ बसेल तिथे थांबून श्वास घ्यायचा, आणि तितक्याच सावकाश उतरायचे. पहिल्या दिवशी बोट जिथवर पोचले तिथे मी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. भिंत खराब होते म्हणून एरवी कुरकुरणाऱ्या नवऱ्याने त्या दिवशी स्वतःच पेन्सिलीला टोक करून दिले.

तिसरा आठवडा संपता संपता एके सकाळी हात वर उचलताना काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली तंबोऱ्याची तार ताणून बसवावी तशी एक दोरी उठून दिसली. हात सरळ केला की ती झणझणत असे. मला वाटले, आतला टाका तुटला. मी व्यायाम बंद करून चार दिवस हात गळ्यात बांधल्यासारखा धरून ठेवला, आणि त्या चार दिवसांत आधीच्या दहा दिवसांची कमाई गमावली. फिजिओथेरपिस्टने पाहताक्षणी ओळखले: ग्रंथी काढल्यानंतर कित्येकींना अशा दोऱ्या येतात, त्या धोक्याच्या नसतात, आणि त्यांवर उपाय विश्रांती हा नसून हळूहळू ताण देणे हा आहे. ती म्हणाली, "काकू, तुमची दोरी तुम्ही नाही ओढलीत, तर ती तुम्हाला ओढेल." मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला पहिल्या दिवशीच समजायला हवी होती. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्याच्या वर नेऊन त्याच स्थितीत निश्चल पडून राहावे लागते, आणि तेही आठवड्यातून पाच दिवस, कित्येक दिवस. ज्या रेडिएशनच्या भरवशावर मी स्तन राखला होता, ते घ्यायला हा खांदाच उघडावा लागणार होता. त्या दिवसापासून भिंतीवरच्या रेघांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. सहाव्या आठवड्यात माझे बोट खिडकीच्या वरच्या चौकटीला लागले.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला बारा दिवस लागले, आणि ते दिवस मला शस्त्रक्रियेपेक्षा जड गेले. काढलेल्या तुकड्याच्या पृष्ठभागाला शाई फासून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कर्करोगाच्या पेशी शाईला टेकलेल्या नसल्या, म्हणजे कड मोकळी आहे, असा अर्थ होतो. माझी सर्वांत जवळची कड चार मिलिमीटरवर होती, त्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. काखेतल्या सतरा ग्रंथी तपासल्या, त्यांपैकी तीन बाधित निघाल्या. केमोथेरपी, मग रेडिएशन आणि त्यानंतर किमान पाच वर्षे संप्रेरकविरोधी गोळी, असा पुढचा क्रम ठरला.

आरशाबद्दल विचारणाऱ्या मैत्रिणींना माझे उत्तर फार नाट्यमय वाटत नाही. पट्टी निघाली तेव्हा एक वाकडी रेघ आणि एका बाजूला थोडा खळगा दिसला. मी पाहिले आणि सदरा घातला. रडले ते चौथ्या दिवशी, पाठीमागचे बटण लावता आले नाही तेव्हा. शेजारच्या खाटेवरच्या बाईंशी फोनवर बोलणे होते. त्यांनी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया नको असे ठरवले. जखम भरेपर्यंत त्या कापसाचा हलका कृत्रिम स्तन वापरत होत्या, आता वजनाचा सिलिकॉनचा घेतला आहे. त्याने खांदा एका बाजूला झुकायचा थांबला, असे त्या म्हणतात. कधी कधी नसलेल्या जागी खाज सुटते, असेही त्या हसत सांगतात.

माझी राहिलेली चिंता म्हणजे हाताची सूज, लिम्फेडीमा. काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढलेल्यांपैकी पाचांत सुमारे एकीला ती होते. फक्त पहारेकरी ग्रंथी काढलेल्यांत हे प्रमाण शंभरात पाच-सहाच्या आसपास असते. ती काही महिन्यांनी येऊ शकते, काही वर्षांनीही येऊ शकते. या विषयावर मला जितके परस्परविरोधी सल्ले मिळाले, तितके दुसऱ्या कशावर मिळाले नाहीत. जड काही उचलू नकोस, असे निम्म्या जगाने बजावले. पण लिम्फेडीमा असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजने उचलली तरी सूज वाढत नाही, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले आहे. रक्तदाब मोजणे किंवा सुई टोचणे याने सूज येते, यालाही फारसा भक्कम पुरावा नाही; तरी डावा हात मोकळा असताना मी उजवा पुढे करत नाही. जी काळजी मी खरोखर घेते ती कातडीची: काम करताना हातमोजा, खरचटले तर लगेच धुणे, आणि लाली व ताप दिसताच डॉक्टर. दर महिन्याच्या एक तारखेला टेप काढते आणि जुन्या मापांशेजारी नवी मापे लिहिते. आतापर्यंत फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आहे.

केमोथेरपी सहाव्या आठवड्यात सुरू झाली. पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून ताप ३८ अंशांवर गेला तर रात्र असो वा दिवस, तत्काळ दवाखान्यात यायचे, असे डॉक्टरांनी बजावले आहे, त्यामुळे थर्मामीटर सतत हाताशी लागतो. परवा दुपारी अंग जरा कोमट वाटले म्हणून मी जन्मभराच्या सवयीने तो उजव्या काखेत लावला आणि पुस्तक वाचत पडले. थोड्या वेळाने ताप पाहावा म्हणून उठले, तर थर्मामीटर कुठे मिळेना. उशीखाली पाहिले, टेबलाचे खण उपसले, नवऱ्यावर ओरडून झाले. तेवढ्यात कुठेतरी बारीक टुंक टुंक वाजू लागले. तो फोन असेल असे वाटून मी फोनही शोधला. लेक दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. "आई," ती म्हणाली, "काखेत कळसा..." आणि पुढचे तिला हसण्यामुळे बोलता आले नाही. ताप ३७ होता.